एकोणचाळीस मामा

भाऊबीजेला मामा उमरेडहून आला की त्याच्यासोबत सोयाबीनचा भावही घरात येतो. 2024ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी होती. ओवाळून झालं, आईच्या ताटात पाकीट पडलं आणि चिवड्याची बशी हातात घेत मामा म्हणाला, “चार हजार शंभरानं काढून टाकलं. ओलं हाय म्हणते व्यापारी.” हमीभाव त्या हंगामात 4,892 रुपये क्विंटल होता आणि मामाचा माल पस्तीस क्विंटल. बाबा निवृत्त लेखापाल, त्यामुळे त्यांच्या तोंडून “सत्तावीस हजार सातशे वीस” निघायला दोन सेकंदही लागले नाहीत. मामानं बशी खाली ठेवली. नुकसानीचा आकडा असा नेमका ऐकायची त्याची तयारी नव्हती.

त्याच दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास, आई पुरणाचं पाहत असताना, न्यूयॉर्कमधली घड्याळं एक तास मागे गेली होती. ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि तीन दिवसांनी अमेरिकेतल्या मास्टर्सच्या प्रवेशासाठीची माझी पहिली मुलाखत होती.

मी नागपुरातूनच इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं आणि अडीच वर्षं मिहानमधल्या एका कंपनीत विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं. तिथे प्रीमियम काढणारा कोड रोज डोळ्यांखालून जायचा, पण तो आकडा तसाच का येतो ते कोणालाच सांगता यायचं नाही. तिथून प्रोबॅबिलिटीचा नाद लागला. मग कळलं की अमेरिकेत फायनान्शियल इंजिनिअरिंग नावाची, बाजारातल्या भावांचं आणि जोखमीचं गणित शिकवणारी मास्टर्सची पदवी असते. कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम 1994पासून चालू आहे आणि सोळा महिन्यांचा आहे. बर्कलीचा वर्षभराचा, तो मार्चमध्ये सुरू होतो. न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठातलं बारूक, शिवाय प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, एनवाययूचं कूरांट. नावं बदलतात, कुठे मॅथेमॅटिकल फायनान्स म्हणतात, कुठे कॉम्प्युटेशनल, पण मागणी साधारण सारखीच असते: कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी आणि थोडंफार सी प्लस प्लस किंवा पायथन. मी सात अर्ज भरले. अर्जाच्या फीमध्येच साठ-पासष्ट हजार गेले. तो आकडा बाबांनी डायरीत लाल पेनानं लिहून ठेवला आहे.

माझ्या मुलाखती कोणत्या विद्यापीठांच्या होत्या ते लिहीत नाही. प्रश्न दरवर्षी बदलतात, आणि नाव वाचलं की लोक बाकीचं सोडून तेवढंच लक्षात ठेवतात.

एसओपीसाठी, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधासाठी, सुरुवातीला गावातल्या एका कन्सल्टन्सीत गेले होते. त्यांनी “लहानपणापासून मला आकड्यांची ओढ होती” असं पहिलं वाक्य लिहून दिलं. माझ्या आधीच्या मुलालाही तेच दिलं होतं, बाहेरच्या बाकावर आम्ही कागद ताडून पाहिले. मग मी घरी येऊन मामावर लिहिलं. डिसेंबर 2021मध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवायचे सौदे, थांबवले, ते मी लिहीत होते तोवरही उघडले नव्हते. मामानं वायदे बाजारात कधी पाय ठेवला नव्हता, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांचा भाव काय दिसतो हे उमरेडचे व्यापारी त्याच आकड्यावरून सांगायचे, आणि तो आकडा गेला. भाव पडायची जोखीम शेतकऱ्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर कशी टाकायची ते मला शिकायचं आहे, असं लिहिलं. लिहिताना छान वाटलं होतं. आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर समोरचा बोट ठेवणार आहे, याची मला तेव्हा जाणीव नव्हती.

6 नोव्हेंबर, त्यांचे सकाळचे नऊ. मेल ऑक्टोबरात आला तेव्हा मी संध्याकाळचे साडेसहा असं कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं आणि तेव्हाच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. साडेसहाला लॅपटॉपसमोर बसले, इन्व्हर्टर तपासलेला, शेजारी पाण्याचा तांब्या. स्क्रीनवर “यजमानाची वाट पाहत आहोत”. सहा पन्नासला पोटात गोळा आला. सातला दार किलकिलं करून बाबा म्हणाले, “काय पाहून राहिली? सुरू नाही झालं?” मी रडकुंडीला आले होते. त्यांनी मोबाइलवर न्यूयॉर्कची वेळ पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “तिकडं साडेआठ वाजून राहिले.” उरलेल्या अर्ध्या तासात मी आईनं आणून दिलेला उपमा खाल्ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे जातं, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. नोव्हेंबरातली चूक तासभर बसवून ठेवते. मार्चमध्ये हीच चूक केली तर आपण उगवतो तेव्हा मुलाखत संपलेली असते.

आदल्या रात्री त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची मोजणी होती. समोर आलेल्या प्राध्यापकांचे डोळे तांबारलेले होते. सुरुवात नाण्यापासून झाली. नाणं उडवत राहायचं, लागोपाठ छापा-छापा येईपर्यंत सरासरी किती वेळा उडवावं लागेल? सहा. आणि छापा-काटा येईपर्यंत? चार. हे मी पाठ केलं होतं आणि पाठ केलंय हे त्यांना दिसत होतं. “दोन्हींची शक्यता एक चतुर्थांशच, मग फरक का?” असं त्यांनी विचारलं. इथे मी थांबले आणि वहीत काढून पाहिलं. छापा-काटाची वाट पाहताना एक छापा मिळाला की पुढे पुन्हा छापा आला तरी काही बिघडत नाही, आपण तिथेच उभे. छापा-छापाची वाट पाहताना मध्ये काटा आला की सगळं गेलं, पुन्हा शून्यापासून. सापशिडीत साप कुठे आहे त्याचा फरक, असं मी म्हणाले. त्यांना सापशिडी कळली.

मग ते मामावर आले. “तुमच्याकडे सोयाबीनचा वायदाच बंद आहे. मग मामाला हेज कसं करून देशील?”

हेज म्हणजे भाव पडायच्या जोखमीपासून बचाव. मी शिकागोचं नाव घेतलं, तिथे सोयाबीनचा वायदा चालतो.

“एक कॉन्ट्रॅक्ट केवढं?”

पाच हजार बुशेल, हे माहीत होतं. “टनांत सांग.” सोयाबीनचं बुशेल साठ पौंडांचं, म्हणजे तीन लाख पौंड, म्हणजे साधारण 136 टन. मामाचा माल साडेतीन टन. मी वहीत भागाकार केला आणि उत्तर पाहून तोंडातून निघून गेलं, “मला एकोणचाळीस मामा लागतील.”

ते मोठ्यानं हसले. दाराबाहेर आईला वाटलं, झालं काम. ते हसले त्यानंतरची पंधरा मिनिटं मात्र माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पंधरा मिनिटं आहेत.

“ठीक आहे, एकोणचाळीस मामा मिळाले. आता हेज चालेल?” मी म्हणाले, दोन्ही भावांचं कोरिलेशन, म्हणजे ते किती सोबतीनं हलतात, ते पाहावं लागेल. ते नुसते पाहत राहिले. मग माझं मलाच सुचलं की कोरिलेशन पुरेसं नाही. शिकागोचा भाव एका रुपयानं हलला तर उमरेडचा किती हलतो ते हवं, म्हणजे दोन्हींच्या चढउताराचं गुणोत्तरही त्यात यायला हवं, रिग्रेशनमधला उतार. ते म्हणाले, “आणि तो उतार सगळं सांगतो?” मी एकेक आठवत गेले. तिकडचा भाव डॉलरमध्ये, मामाचा रुपयात, म्हणजे रुपयाची घसरण मध्ये आली. तिकडचं सोयाबीन बहुतेक जनुक बदललेलं, आपल्याकडे तसं पेरायला परवानगी नाही, म्हणून आपल्या पेंडीचं गिऱ्हाईक वेगळं. खाद्यतेलावरचं आयात शुल्क सरकारनं एका रात्रीत बदललं तर उमरेड हलेल, शिकागो ढिम्म. शिवाय परदेशातल्या वायद्याचं मार्जिन, म्हणजे अनामत, भरायला आपल्याकडून पैसे पाठवताच येत नाहीत, रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हा शेवटचा मुद्दा बाबांनी जेवताना सांगितला होता.

“म्हणजे तुझ्या निबंधातला उपाय चालत नाही?”

“आत्ता तरी नाही.”

“आकडे पाहिलेस?”

“नाही. शिकागोचे मिळतील, उमरेडच्या बाजार समितीचे रोजचे भावही मिळतील. ते शेजारी शेजारी मांडून पाहायला हवे होते. मी नाही पाहिले.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं की तुला काही विचारायचं आहे का. मी कसंबसं काहीतरी विचारलं. बाहेर आले तर आईनं साखर हातावर ठेवली. मी म्हटलं, “कशाची साखर? मी स्वतःच सांगून आले की माझा उपाय चालत नाही.” बाबा म्हणाले, “ऑडिटमध्ये आम्ही त्याच माणसावर विश्वास ठेवायचो.” मला तेव्हा ते सांत्वन वाटलं. त्या रात्री मी दोन्हीकडचे भाव उतरवून घ्यायला बसले. झोप येईना म्हणून बसले होते.

दुसरी मुलाखत माणसाची नव्हतीच. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो, मग कॅमेऱ्याचा लाल दिवा लागतो आणि दीड मिनिट बोलायचं. समोर मान डोलवणारं कोणी नाही, स्वतःचाच घामेजलेला चेहरा. मी ती नोव्हेंबरच्या अखेरीस दिली. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, म्हणजे आमच्या त्रिमूर्ती नगरात रोज संध्याकाळी एक तरी वरात. मला ते आठवायला हवं होतं. पहिले दोन प्रश्न बरे गेले. तिसऱ्याला डीजे गल्लीच्या तोंडाशी आला आणि प्रश्न उमटला: “फायनान्स न शिकलेल्या व्यक्तीला ऑप्शन म्हणजे काय ते समजावून सांगा.” एकदा प्रश्न उघडला की परत बंद करता येत नाही. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी तयार केलेलं सगळं उत्तर त्या आवाजात विरघळून गेलं आणि मला बाबांचा बेसा रोडचा प्लॉट आठवला.

मी चौथीत असताना बाबांनी तिथल्या एका प्लॉटचा बयाणा दिला होता. सहा महिन्यांत बाकीचे पैसे भरायचे, भाव आजचा. या सहा महिन्यांत भाव वाढला तरी आपल्याला जुन्याच भावात मिळणार, पडला तर बयाणा सोडून द्यायचा, नुकसान तेवढंच. हाच कॉल ऑप्शन, असं मी जवळजवळ ओरडून सांगितलं. “आणि माझ्या वडिलांच्या बाबतीत मालकानं तोच प्लॉट आणखी एकाला विकला होता. त्याला काउंटरपार्टी रिस्क म्हणतात,” इथे वेळ संपली. नंतर वकिली मनाच्या एका मैत्रिणीनं चूक दाखवली की बयाण्यात खरेदीचा करार असतो, दोघंही बांधलेले असतात, ऑप्शनमध्ये घेणारा मोकळा असतो. बरोबर आहे तिचं. पण वरातीत एवढं कुठे सुचतं.

तिसरी जानेवारीत, दोन जण समोर, पाऊण तास निव्वळ गणित. फासा टाका, आकडा पडेल तेवढे पैसे मिळतील, नको असेल तर एकदा पुन्हा टाकता येईल, खेळाची किंमत काय? सव्वाचार: पहिल्यांदा चार, पाच, सहा आलं तर थांबायचं, नाहीतर पुन्हा टाकायचा. सी प्लस प्लसमध्ये बेस क्लासचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल का ठेवतात, हे नीट सांगितलं. मग सहज आवाजात: तीन शेअर आहेत, प्रत्येक जोडीचं कोरिलेशन उणे 0.7 असू शकेल का? मी म्हणाले, का नाही, उणे एकपर्यंत काहीही चालतं. दोघंही गप्प. ती शांतता मी आता ओळखायला लागले होते. मी म्हणाले, थांबा, तिघांची बेरीज करून पाहते. प्रत्येकाचा व्हेरिअन्स, म्हणजे चढउताराचं माप, एक धरला तर बेरजेचा व्हेरिअन्स तीन अधिक सहा गुणिले ते कोरिलेशन. व्हेरिअन्स उणे होऊ शकत नाही, म्हणून कोरिलेशन उणे अर्ध्याच्या खाली जाऊच शकत नाही. दोघांचं हाडवैर असू शकतं, तिघांचं आपापसात तेवढंच कडवं वैर असू शकत नाही, कारण शत्रूचा शत्रू थोडा तरी मित्र होतो. “आधी चुकीचं बोलले,” असंही म्हणाले. त्यातला एक म्हणाला, “पाहिलं आम्ही.” यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

पुढे जे झालं ते मुलाखतींपेक्षा जास्त दमवणारं होतं, पण सांगण्यासारखं त्यात कमी आहे. तीन ठिकाणी नकार, तोही शुक्रवारी रात्री, कारण तिकडचं ऑफिस आपल्या रात्रीच चालतं. एका ठिकाणी वेटलिस्ट. एक अर्ज अजून अधांतरी आहे, बहुधा कोणाच्या लक्षातही नसेल. वरातवाल्यांनी जानेवारीच्या शेवटी ॲडमिट दिला. डिपॉझिट दीड हजार डॉलर, परत न मिळणारं, मुदत तीन आठवडे. सापशिडीवाल्या प्राध्यापकांकडून काहीच नाही.

आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं की 15 एप्रिलपर्यंत कोणीही सक्ती करू शकत नाही, अमेरिकेत तसा नियम आहे. नियम आहे, पण तो स्कॉलरशिप किंवा असिस्टंटशिपसारखी मदत देणाऱ्या ऑफरसाठी, आणि तोही ज्या विद्यापीठांनी मान्य केलाय त्यांच्यापुरता. स्वतःच्या पैशांनी मास्टर्स करणाऱ्याला त्याचा आधार नाही. मी मुदत वाढवून मागितली. दुसरीकडचा निकाल बाकी आहे हे खरं खरं लिहिलं. दहा दिवस मिळाले. मागायला लाजू नये, फक्त मेल दोनदा वाचून पाठवावा. मी पहिल्या मसुद्यात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव लिहिलं होतं.

ते दहा दिवसही संपत आले. सापशिडीवाल्यांकडे जागा मिळायची शक्यता मी तीनास एक धरली आणि वहीत गणित मांडून बाबांना दाखवलं: दीड हजार डॉलर, म्हणजे एक लाख तीस हजार, हा बयाणा समजा. बाबांनी चष्मा काढला. “बयाणा नाही हा. बयाणा आपण भाव वाढेल म्हणून देतो. तू देऊन राहिली ते काहीच नाही मिळालं तर हातात एक तरी राहावं म्हणून. हा विमा आहे.” माझ्या तोंडात शब्दच नव्हता. वर्षभर अभ्यास करून मी कॉल आणि पुटची, म्हणजे बयाण्यासारख्या आणि विम्यासारख्या ऑप्शनची, गल्लत केली होती आणि ती एका निवृत्त लेखापालानं धरली होती. पैसे भरायला ते स्वतः बँकेत गेले. ऑनलाइन होतं म्हटलं तरी गेले.

सापशिडीवाल्यांचा मेल मार्चमध्ये आला. ॲडमिट, आणि फीमध्ये पंधरा हजार डॉलरची सूट. शेवटी दोन ओळी प्राध्यापकांनी स्वतः लिहिल्या होत्या: मामाचे आकडे पाहिलेस का? मी ते नोव्हेंबरातच पाहिले होते. उतार एवढा थोडा निघाला होता की हेजचा खर्चही निघाला नसता. तसं कळवलं. विम्याचे एक लाख तीस हजार गेले. बाबांनी ते लाल पेनानं लिहिले नाहीत, निळ्यानं लिहिले.

कर्जाचं थोडक्यात: साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, म्हणून घराचे कागद निघाले आणि त्यात आजोबांच्या नावाची एक नोंद दुरुस्त करायची निघाली, त्याला सहा आठवडे. कर्ज मंजुरीचं पत्र झाल्याशिवाय आय-20, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला, नाही, आय-20शिवाय व्हिसाची तारीख नाही. आमचा कागद हातात आला आणि 27 मे 2025ला अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणंच थांबवलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू केलं. माझी मुंबईला जुलैत झाली. दुरांतोनं रात्रभर गेले आणि तीन मिनिटांत बाहेर आले.

मधल्या त्या बंद आठवड्यांत घरात बसवेना म्हणून उमरेडला गेले. मामा बियाण्याची उगवण तपासत होता, ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवलेले. मी त्याला शिकागोची गोष्ट सांगितली, 136 टन, एकोणचाळीस मामा, तो प्राध्यापक कसा हसला. तो हसला नाही. गोणपाट उलगडून कोंब मोजता मोजता म्हणाला, “एकोणचाळीसच काहून? आमच्या गावात सोयाबीनवाले दोनशे हायेत.” मी म्हटलं, मग जमेल की. त्याचे त्र्याहत्तर मोजून झाले होते, बोट तसंच ठेवून त्यानं वर पाहिलं.

“दोनशे हायेत. पण दिवाळीच्या आत पैसे लागते ना बाप्पा दोनशेच्या दोनशे जणाले.”

आणि पुढचे मोजायला लागला.